नागरमोथ्याचे दंतमंजन आणि डबीवरचा आदिमानव

रविवार कारंज्याजवळच्या काष्ठौषधींच्या एका दुकानात हल्ली तांबूस रंगाचे एक दंतमंजन मिळते. नागरमोथा, बाभळीची साल, लवंग, सैंधव आणि गेरू असे घटक छापलेल्या डबीवर भाला घेतलेला आदिमानव हसतो आहे आणि त्याचे दात कधीच किडत नसत, असा दावा खाली केलेला आहे. उत्पादकाचे नाव मी मुद्दाम देत नाही.

दावा अर्धाच खरा आहे. शिकारीवर आणि कंदमुळांवर जगणाऱ्या बहुतेक समाजांत दातांची कीड कमी आढळते आणि धान्याची शेती आल्यावर ती वाढते, कारण शिजवलेला पिठूळ घास दाढांच्या खाचांत चिकटून राहतो आणि त्यावर पोसलेले जिवाणू आम्ल तयार करतात. परंतु मोरोक्कोतील ताफोराल्त गुहेत सुमारे १५,००० ते १३,७०० वर्षांपूर्वी पुरलेल्या माणसांच्या निम्म्याहून अधिक दातांना कीड लागलेली होती. ही माणसे शेती करत नव्हती. ओक वृक्षाची पिष्टमय फळे मात्र ती भरपूर खात असत.

नागरमोथ्याच्या निवडीला दाद द्यायला हवी. सुदानमधील अल खिदे येथील प्राचीन दातांवरच्या कीटणात याच वनस्पतीचे अंश सापडल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. शेती सुरू झाल्यानंतरच्या तेथील लोकांतही कीड अपेक्षेपेक्षा फारच कमी होती आणि कीड लावणाऱ्या जिवाणूंना नागरमोथा अटकाव करतो, हे त्यामागचे एक कारण असावे, असे संशोधकांनी सुचवले. आपल्याकडचे शेतकरी ज्याला तण म्हणून शिव्या घालतात, तेच हे गवत! अर्थात ती माणसे त्याचे कंद खात होती. आपण चिमूटभर भुकटी मिनिटभर चोळून थुंकून टाकतो.

खरी तक्रार भरडपणाची आहे. थोडे मंजन काचेच्या पेल्यातील पाण्यात ढवळून ठेवले, तेव्हा वर तांबूस पाणी राहिले आणि तळाशी बोटाला टोचणारी कचकच बसली. आद्य शेतकऱ्यांच्या दाढा पाट्यावर भरडलेल्या पिठातील दगडी कणांनी अशाच झिजत, आणि चिवट अन्न चावणाऱ्या शिकाऱ्यांच्या दाढा तर सपाट घासल्या जात, हे चित्रकाराला कोणी सांगितलेले दिसत नाही. दुकानदाराकडे विषय काढला, तर ‘गावठी मंजन जाडसरच असायचे, साहेब,’ एवढेच उत्तर मिळाले.

चव तुरट, किंचित खारट आणि शेवटी लवंगेची. तोंड बराच वेळ स्वच्छ वाटते, आणि त्या बाबतीत नव्वद रुपये वाया गेले असे म्हणवत नाही. तरीही ज्यांच्या दातांना थंड-गरम झोंबते किंवा ज्यांच्या हिरड्या खाली सरकल्या आहेत, त्यांनी हे मंजन घेऊ नये, आणि ब्रशने तर कोणीच घासू नये. उत्पादकाने ते वस्त्रगाळ करून दिले, तर दुसरी डबी घेईन. तोवर रोजच्या वापराला फ्लोराइडची पेस्टच बरी.