उतरलेली पापणी : शस्त्रक्रिया बाहेरून की आतून?

डाव्या डोळ्याला केराटोकोनस, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा (कॉर्निया) पातळ होऊन शंकूसारखा पुढे आलेला, त्यामुळे कॉलेजच्या दिवसांपासून कडक कॉन्टॅक्ट लेन्स. रोज पापणी ताणायची, लेन्स घालताना आणि काढताना. 27व्या वर्षी फोटोंमध्ये डावा डोळा बारीक दिसायला लागला. ‘झोप झाली नाही का रे?’ असं आई सकाळी उठल्या उठल्याही विचारायची. पापणी उचलणारा लेव्हेटर स्नायू माझा धडधाकट होता. त्याला पापणीशी जोडणारी कंडरेसारखी पातळ पट्टी मात्र ताणून सुटत चालली होती. तरुणपणी हळूहळू उतरलेल्या पापणीमागे हे कारण बऱ्याचदा असतं, विशेषतः वर्षानुवर्षं कडक लेन्स वापरणाऱ्यांत आणि सतत डोळे चोळणाऱ्यांत.

आपलं कारण हेच आहे याची आधी खात्री करून घ्या. सकाळी ठीक आणि संध्याकाळी उतरलेली पापणी, जोडीला कधी एकाचे दोन दिसणं, असं असेल तर मायस्थेनियाची, म्हणजे स्नायू लवकर थकण्याच्या आजाराची, तपासणी आधी. पापणी अचानक उतरली, डोकं भयंकर दुखतंय, बाहुली मोठी झाली आहे, तर त्याच दिवशी, त्याच तासाला इस्पितळ गाठा. जन्मापासून स्नायूच दुबळा असेल तर प्रश्नच वेगळा. तिथे कधी कधी पापणी कपाळाच्या स्नायूला टांगावी लागते. पुढचं सगळं लेव्हेटरची ताकद चांगली असलेल्यांसाठी आहे.

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. बाहेरून म्हणजे पापणीच्या घडीत छेद देऊन सुटलेली पट्टी पुन्हा पुढे ओढून टाक्यांनी बसवायची. आतून म्हणजे पापणी उलटवून म्युलर स्नायूचा (लेव्हेटरला मदत करणारा छोटा स्नायू) आणि आतल्या अस्तराचा तुकडा काढून टाके घालायचे.

आतली वाट मला आधी फार आवडली होती. कातडीवर व्रण नाही, वेळ कमी. आधी म्युलर स्नायू आवळणाऱ्या फेनिलेफ्रिन या औषधाचा थेंब टाकून बघतात. त्याने पापणी वर आली तर निकाल कसा लागेल याचा बराच अंदाज येतो. माझी चांगली वर आली. दुसऱ्या डोळ्याची पापणी तेव्हा किंचित खाली आली आणि डॉक्टर तीच निरखून बघत होते, कारण दोन्ही पापण्यांना मेंदूचा हुकूम एकच असतो. एकीचा भार हलका झाला की दुसरीला मिळणारा जोरही कमी होतो. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया ठरवत असाल तर हे आवर्जून विचारा.

अडलं ते लेन्सपाशी. कडक लेन्स पापणीच्या आतल्या अस्तराखालीच सरकते. प्रत्येक उघडझापीला तिची कड तिथे लागते. पूर्वी एकदा लेन्सखाली कण जाऊन माझा कॉर्निया खरचटला होता. दोन दिवस अंधाऱ्या खोलीत, डोळ्यातून पाणी, उजेड सहन होईना. आतल्या बाजूला टाके म्हणजे तेच पुन्हा होण्याची भीती. टाके पुरून ठेवतात, वरून मऊ लेन्सही बसवतात, बहुतेकांना काही त्रास होत नाही, हे मला नीट समजावून सांगितलं होतं. तरी ज्या डोळ्याला लेन्सशिवाय धड दिसत नाही, त्याच्या आतल्या अस्तराला हात लावायला माझं मन तयार होईना. लेन्स न वापरणाऱ्यांना ही अडचण नाही. थेंबाची चाचणी चांगली आली असेल, तर त्यांनी आतल्या वाटेचा जरूर विचार करावा.

मी बाहेरची निवडली. जागेपुरती भूल होती. टाका पक्का करण्याआधी मला टेबलावर उठवून बसवलं, समोर बघायला लावलं, डोळे मिटून उघडायला सांगितलं आणि उंची थोडी बदलली. आपली पापणी आपण जागे असताना जुळवली जाते, याचा मला मोठा दिलासा वाटला. सूज आणि भुलीच्या इंजेक्शनमुळे तो अंदाजही थोडा चुकू शकतो. माझी डावी पापणी अजून केसभर खाली आहे; मला ती आरशात दिसते, आईला दिसत नाही. काळानिळा डोळा दहा दिवस राहिला, व्रण घडीत मिसळून गेला. रात्री डोळा पुरता मिटत नव्हता म्हणून काही आठवडे मलम घालावं लागलं. महिन्याभराने लेन्स परत घातली, तेव्हा फिटिंग पुन्हा तपासून नवी लेन्स घ्यावी लागली, कारण पापणीचा कॉर्नियावरचा दाब बदलला होता. खर्च ठरवताना ही नवी लेन्सही धरा.

भुवई उचलून बघायची सवय मात्र आपोआप सुटली आणि संध्याकाळचं कपाळ दुखणंही थांबलं. लेन्स काढताना मी आता पापणी कानाकडे ओढत नाही. छोट्या रबरी प्लंजरने काढतो. तो वापरायचा सराव शस्त्रक्रियेच्या आधीच करून ठेवा.