प्रीमियर ११८ एनईचं सस्पेन्शन: जुन्या स्टॉकमधलं लोखंड घ्या, रबर नको

गाडी प्रीमियर ११८ एनई, पेट्रोल, निसान इंजिनवाली. मुक्काम जळगाव. गेल्या पावसाळ्याआधी पुढचं-मागचं सगळं सस्पेन्शन उघडून नवं केलं. त्यानंतर एक पावसाळा, एक हिवाळा आणि आमच्याकडचा एप्रिल-मे, एवढं सगळं गाडीने काढलं, तेव्हा कुठे हे लिहायला घेतलं. एनई सांभाळणारे आता थोडेच उरलेत आणि सुट्या भागांसाठी प्रत्येकाला तीच वणवण करावी लागते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

१९८५ मध्ये आलेल्या या गाडीचा जन्म कुर्ल्याचा, पण खालचा सांगाडा फियाट १२४ चा. पद्मिनी करणाऱ्या मिस्त्रीकडे नेली की तो पहिल्यांदा मागे पाटे (लीफ स्प्रिंग) शोधतो. एनईला मागे पाटे नाहीतच. कॉइल स्प्रिंग, अ‍ॅक्सल पुढे-मागे सरकू नये म्हणून ट्रेलिंग आर्म आणि आडवा सरकू नये म्हणून पॅनहार्ड रॉड. त्यामुळे पद्मिनीचे मागचे भाग इथे कामाचे नाहीत. दुकानात नुसतं 'एनई' म्हटलं तर मान हलते. 'फियाट १२४' म्हटलं तर निदान जुना माणूस आतून एखादा खोका काढून आणतो. लाडाचे भाग चालतात असं बरेच जण सांगतात. लाडाही १२४ वरूनच निघाली हे खरं, पण रशियातल्या रस्त्यांसाठी तिचं सस्पेन्शन बदललेलं होतं. माप घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

मुंबईत ऑपेरा हाउस आणि कुर्ला, दिल्लीत काश्मिरी गेट, सगळीकडे विचारलं. न फोडलेले खोके मिळाले आणि आनंद झाला. बॉल जॉइंट, पिन, बोल्ट हे सगळं उत्तम निघालं. ग्रीस धुऊन नवं भरलं, तडकलेले बूट बदलले, आजही घट्ट आहेत. बुशचा, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या रबरी नळ्यांचा, खोका मात्र गॅरेजमध्ये उघडला तेव्हा रबर वरून चकचकीत, छापील नंबरसुद्धा शाबूत, आणि नख दाबलं तर रुततच नाही. माझे मिस्त्री, चाचा, यांनी बुश थोडा पिळला, कडेला केसासारख्या बारीक भेगा उघडल्या. म्हणाले, "भो, हे रबर नाही राह्यलं आता, लाकूड झालं." गाडीला न लावता नुसतं पडून राहिलं तरी हवेतला ओझोन आणि उष्णता रबर खातातच, आणि या भागांना वीस-पंचवीस वर्षं झालीत. जुन्या स्टॉकच्या शॉकअपचंही तेच. आतलं सील वाळलेलं असतं. लावल्यावर थोड्याच दिवसांत दांड्यावर तेल दिसायला लागतं.

म्हणून बुश नवे करून घेतले. इथल्याच एका रबर मोल्डिंगवाल्याला जुने बुश नमुना म्हणून दिले. बाहेरची नळी, आतली नळी लेथवर काढली आणि मध्ये रबर चिकटवून घेतलं. खर्च बुशचा नाही, साच्याचा आहे. साचा एकदाच लागतो, तेव्हा एनईवाल्या दोघा-तिघांनी मिळून काम दिलं तर अंगावर येत नाही. आम्ही तसंच केलं. कडकपणा ठरवून सांगा. नुसतं 'चांगलं कडक करा' म्हटलं तर तो मशीन माउंटिंगचं रबर ओततो. आम्ही शोअर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप) ६५ च्या आसपास सांगितलं आणि ते बरोबर ठरलं.

रबराऐवजी पॉलीयुरेथेनच्या कडक बुशचा मोह सगळ्यांनाच होतो. पॅनहार्ड रॉडला मी तेच लावलंय आणि तिथे ते छान आहे. आमच्या काळ्या मातीवरचे रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात बसतात, गाडी लाटांवरून गेल्यासारखी डोलते. चोपड्याच्या रस्त्यावर मागची बाजू आडवी झुलायची, ती पूर्ण थांबली. ट्रेलिंग आर्मला मात्र पॉलीयुरेथेन लावू नका. एक चाक खड्ड्यात उतरलं की अ‍ॅक्सल तिरका होतो आणि तेवढा पीळ बुशने सोसायचा असतो. कडक बुश तो सोसत नाही, मग सगळा ताण ब्रॅकेटच्या वेल्डिंगवर येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रबर बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळू द्यायचे नाहीत. चाकं लावा, गाडी जमिनीवर बसवा, दोन-चारदा दाबून मोकळी करा आणि मगच आवळा. लटकलेल्या अवस्थेत आवळलं तर गाडी खाली उतरताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि एका मोसमात फाटतं. नवे बुश 'टिकत नाहीत' अशी जी ओरड ऐकतो, तिच्यामागे बहुतेकदा हेच असतं. चाकं जमिनीवर ठेवूनच खालून आवळता यावं म्हणून चाचा गॅरेजमधल्या कामाच्या खड्ड्यावर गाडी घेतात, म्हणून मी त्यांना सोडत नाही.

शॉकअप एका शहरात 'रिपेअर' करून मिळाले होते. कापून, तेल भरून, पुन्हा वेल्ड केलेले. पारा ४४-४५ वर गेला तसे दोन्ही पाझरले. नंतर मिटलेली लांबी, ताणलेली लांबी आणि वरखालची पकड मोजून दुसऱ्या गाडीचे नवे बसवले. ते अजून कोरडे आहेत.

मागच्या स्प्रिंग थोड्या बसल्यात, त्यांचं काम बाकी आहे. नव्या करून घेणार असाल तर तारेची जाडी मायक्रोमीटरने मोजा. कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, १२ मि.मी.च्या जागी १३ मि.मी. तार आली, बाकी मापं तीच ठेवली, तरी स्प्रिंग ३८ टक्के कडक होते. स्प्रिंगमध्ये रबराचे गोळे अडकवून गाडी उचलण्याचा जो प्रकार चालतो, तो माझ्या गाडीला मी होऊ देणार नाही. दिवाळीनंतर स्प्रिंग करायच्या आहेत. बुशचा साचा मोल्डिंगवाल्याकडेच ठेवलाय. खान्देशात कुणाकडे एनई असेल तर त्याच साच्यातून बुश काढून घेता येतील.