जुने कॉम्प्युटर नष्ट करायला दिले आणि आमचीच पगाराची फाइल परत आली

ऑफिसातली जुनी मशीन एकदम काढायची ठरली. चौदा सीपीयू, तीन लॅपटॉप आणि एक भलंमोठं झेरॉक्स मशीन. आमचं काम हिशेबाचं, म्हणजे प्रत्येक डिस्कवर कुणाचा तरी पगार, कुणाचा खाते नंबर. म्हणून साध्या भंगारवाल्याला न बोलावता मुद्दाम 'डेटा डिस्ट्रक्शन' करणारी एजन्सी शोधली. माणूस गोडबोल्या. डिस्क श्रेडरमध्ये घालून भुगा करतो, वर सर्टिफिकेट देतो म्हणाला. शिवाय मालाचे पैसेही आम्हालाच देणार होता! श्रेडिंगला खर्च येतो, मग हा उलट पैसे कशाचे देतोय, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

टेम्पो आला, दोन पोरांनी वीस मिनिटांत सगळं भरलं. चलनावर लिहिलं, 'जुने कॉम्प्युटर, १ लॉट'. मी सही केली. आठवड्याने जाड कागदावर, सोनेरी किनारीचं, गोल शिक्क्याचं सर्टिफिकेट आलं. ते फाइलला लावलं आणि विषय संपला.

चार महिन्यांनी एका अनोळखी मुलाचा फोन. "सर, तुमच्याकडे 'पगार जुना' नावाचा फोल्डर होता का?" त्याने ऑनलाइन सेकंडहँड हार्डडिस्क घेतली होती. उडालेल्या फाइली परत आणणारं एक मोफत सॉफ्टवेअर सहज चालवून पाहिलं, तर आमचं लेटरहेड बाहेर आलं, त्यावर माझा नंबर. त्याने डिस्कचा फोटो पाठवला. कडेला पिवळट पडलेलं स्टिकर, 'हिशेब २', अक्षर माझंच.

श्रेडर वगैरे काही नव्हतं. फक्त क्विक फॉरमॅट मारून डिस्क विकली होती. त्यात फाइलींची नोंद पुसली जाते, मजकूर जागेवरच राहतो. दारावरची पाटी काढली म्हणून घर रिकामं होत नाही, तसं. मुलगा भला होता, डिस्क परत पाठवली. बाकीच्या कुणाच्या हातात गेल्या, देव जाणे.

मग सर्टिफिकेट पहिल्यांदा नीट वाचलं. एकाही डिस्कचा सिरीयल नंबर नाही. आणि नष्ट केल्याची तारीख? टेम्पो आमच्या दारात आला त्याच्या दोन दिवस आधीची! एजन्सीवाला आधी म्हणाला, "काम पुढे दुसऱ्याला दिलं होतं." नंतर फोन उचलेनासा झाला.

मोठेही यात सापडतात. अमेरिकेत मॉर्गन स्टॅन्ली या बड्या वित्तीय कंपनीच्या एका शाखा-कंपनीने डेटा नष्ट करण्याचा अनुभवच नसलेल्या सामान हलवणाऱ्या कंपनीला हे काम दिलं. काही मशीन ग्राहकांच्या माहितीसकट लिलावाच्या वेबसाइटवर विकली गेली. २०२२ मध्ये त्यांना साडेतीन कोटी डॉलर दंड भरावा लागला. आपण एकटेच बावळट नाही, एवढंच काय ते समाधान.

आता मशीन दाराबाहेर जाण्याआधी डिस्क आम्ही स्वतः काढतो. स्क्रू चार असतात, वेळ पाच मिनिटं. सिरीयल नंबरचा फोटो, मग पूर्ण ओव्हरराइट, म्हणजे जुन्या मजकुरावर सगळीकडे निरर्थक माहिती लिहिणं, मग ड्रिलने आरपार भोकं. एसएसडीला, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कला, मात्र हे पुरत नाही. तिच्यात काही जागा राखीव असते, तिथे ओव्हरराइट पोचत नाही आणि चुंबकाने पुसण्याचा तर उपयोगच नाही. तिच्यासाठी डिस्क बनवणाऱ्या कंपनीचं सिक्युअर इरेज, म्हणजे सगळी डिस्क पुसायची सोय, वापरायचं किंवा आतल्या चिपांचाच चुरा करायचा, भोक चिप चुकवून गेलं तर फुकट. सगळ्यात सोपं म्हणजे मशीन नवं असतानाच एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय मजकूर वाचता येऊ नये अशी सोय, चालू करून ठेवणं, पण ते आम्हाला सुचलं फार उशिरा. बाहेर काम द्यायचंच असेल तर डिस्कनिहाय नंबरांची यादी आणि समोर उभं राहून नष्ट करून घेणं, यावर आम्ही अडून बसतो. 'नको' म्हणणारा माणूस तिथूनच परत जातो.

झेरॉक्स मशीनचं कळलं ते सगळ्यात शेवटी, नव्या मशीनच्या मेकॅनिककडून. अशा बऱ्याच मोठ्या मशीनमध्येही हार्डडिस्क असते आणि स्कॅन झालेल्या पानांच्या प्रती तिच्यावर साठून राहू शकतात. आम्ही त्यावर सहा वर्षं लोकांची ओळखपत्रं काढली. ते मशीन कुठे आहे, अजून पत्ता नाही.