एसबीसीटीएल: सिक्युअर बूट न सोडता एन्क्रिप्टेड लिनक्सवर हायबरनेशन

डिस्क पूर्ण एन्क्रिप्टेड असावी, सिक्युअर बूट (यंत्र सुरू होताना विश्वासू डिजिटल सही असलेल्या फाइलीच चालू देणारी तपासणी) चालू असावे आणि तरीही लॅपटॉप हायबरनेशनमध्ये जाऊन सगळ्या उघड्या कामासह परत यावा, अशा तीन गोष्टी लिनक्सकडे एकदम मागणाऱ्याच्या पदरात बहुतेक वेळा दोनच पडतात. तिसरी मिळवण्यासाठी मी गेले काही महिने एसबीसीटीएल हे साधन आर्च लिनक्स या डिस्ट्रोवर (लिनक्सच्या एका तयार संचावर), रोजच्या कामाच्या लॅपटॉपवर वापरत आहे. एसबीसीटीएल स्वतः हायबरनेशन करत नाही. सिक्युअर बूटच्या किल्ल्या तयार करणे, त्या फर्मवेअरमध्ये (यंत्र सुरू होताच चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) नोंदवणे आणि बूट होणाऱ्या फाइलींवर सही करणे एवढेच त्याचे काम आहे. तरीही या तिढ्याची गाठ नेमकी तिथेच सुटते, म्हणून परीक्षण त्याचे करत असलो तरी आजूबाजूच्या मांडणीबद्दलही सविस्तर लिहावे लागणार आहे.

हायबरनेशनचा एवढा आग्रह का, हे आधी सांगतो. लॅपटॉप नुसता स्लीपमध्ये असताना मेमरीला वीज मिळत राहते आणि लक्स या लिनक्सच्या पद्धतीने एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कची किल्ली त्याच मेमरीत उघडी पडून असते. वीज तोडल्यानंतरही मेमरीतील मजकूर काही क्षण टिकतो आणि चिप थंड केली तर आणखी जास्त वेळ टिकतो, हे प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले होते. म्हणजे स्लीपमधला लॅपटॉप चोरीला गेला, तर डिस्क एन्क्रिप्टेड असल्याचा भरवसा अर्धाच उरतो. शिवाय अनेक नव्या लॅपटॉपमध्ये जुनी, मेमरीखेरीज जवळपास सगळे बंद करणारी स्लीप अवस्थाच उरलेली नाही. त्यांची नवी स्लीप हलकी असते आणि पिशवीत ठेवलेल्या यंत्राची बॅटरी हळूहळू संपत जाते. हायबरनेशनमध्ये मेमरीतील सर्व मजकूर डिस्कवर लिहिला जातो, वीज खरोखर बंद होते आणि परत सुरू करताना डिस्कचा पासफ्रेज (लांब पासवर्ड) द्यावाच लागतो. सुरक्षितता आणि बॅटरी दोन्ही जपणारा दुसरा पर्याय मला माहीत नाही.

अडचण येते ती लिनक्स कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) लॉकडाउन या सोयीमुळे. ती २०१९ मध्ये ५.४ या आवृत्तीत मुख्य कर्नलमध्ये आली. प्रत्यक्ष रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या, वापरकर्त्यालाही चालू कर्नलमध्ये फेरफार करता येऊ नये, हा तिचा हेतू. मुख्य कर्नल सिक्युअर बूट चालू आहे म्हणून लॉकडाउन आपोआप लावत नाही, पण फेडोरा, डेबियन आणि उबुंटू या डिस्ट्रोंच्या कर्नलांत तशी जोडणी केलेली आहे. त्यामुळे तिथे सिक्युअर बूट चालू केले की सही नसलेले मॉड्यूल (कर्नलला जोडले जाणारे तुकडे) घेणे थांबते आणि त्याबरोबर हायबरनेशनही थांबते. मेन्यूतून तो पर्याय नाहीसा होतो आणि कर्नलच्या नोंदींत हायबरनेशनवर निर्बंध असल्याची एक ओळ दिसते. पूर्वी वापरत असलेल्या डिस्ट्रोवर ही ओळ माझ्या नजरेस पडेपर्यंत मी दोन संध्याकाळ स्वॅपची (मेमरीतील मजकूर ठेवण्यासाठी डिस्कवर राखलेल्या जागेची) मांडणी पुन्हा पुन्हा तपासत बसलो होतो, आणि स्वॅपमध्ये कसलाच दोष नव्हता.

या निर्बंधामागचे कारण मला पटते. हायबरनेशनच्या वेळी डिस्कवर उतरलेल्या मेमरीच्या प्रतीवर कोणाचीही सही नसते. रूट अधिकार मिळवलेल्या हल्लेखोराने स्वतः रचलेली प्रत स्वॅपमध्ये ठेवून यंत्र पुन्हा सुरू केले, तर सही तपासून सुरू झालेले कर्नल ती प्रत विश्वासाने मेमरीत भरून घेते आणि सिक्युअर बूटने दारात केलेली सगळी तपासणी वाया जाते. डिस्क एन्क्रिप्टेड असल्याने यात फरक पडत नाही, कारण चालू यंत्रावरच्या रूटसाठी ती डिस्क उघडीच असते. टीपीएम या किल्ल्या जपणाऱ्या सुरक्षा चिपच्या मदतीने या प्रतीवर खूण करून ती परत येताना पडताळावी असे प्रस्ताव कर्नलच्या विकासकांपुढे मांडले गेले आहेत, पण मी वापरत असलेल्या कर्नलमध्ये ती सोय नाही.

मग एसबीसीटीएलने काय साधते? फर्मवेअरमध्ये कारखान्यातून आलेल्या किल्ल्यांऐवजी आपण स्वतःच्या किल्ल्या नोंदवतो आणि आपण निवडलेल्या कर्नलवर आपणच सही करतो. आर्चच्या कर्नलमध्ये लॉकडाउनची सोय आहे, मात्र सिक्युअर बूटशी ती बांधलेली नाही. त्यामुळे सिक्युअर बूट चालू असतानाही लॉकडाउनच्या फाइलमध्ये तीन पर्यायांपैकी ‘नन’ (म्हणजे लॉकडाउन बंद) या शब्दाभोवती चौकटी कंस दिसतो आणि हायबरनेशन उपलब्ध राहते.

साधनाचा वापर खरोखर सुटसुटीत आहे. फर्मवेअरच्या पडद्यावर जाऊन जुन्या किल्ल्या पुसल्या की यंत्र सेटअप मोडमध्ये, म्हणजे नव्या किल्ल्या स्वीकारण्याच्या अवस्थेत, येते. त्यानंतर किल्ल्या तयार करण्याचा एक आदेश, त्या नोंदवण्याचा एक आणि सही करण्याचा एक, एवढ्यात काम होते. स्थिती दाखवणारा आदेश दिला की चार-पाच ओळी येतात. सुरुवातीला सेटअप मोड आणि सिक्युअर बूट या दोन्हींपुढे फुली होती, म्हणजे सेटअप मोड चालू होता आणि सिक्युअर बूट बंद. किल्ल्या नोंदवून आणि फाइलींवर सही करून पुन्हा सुरू केल्यावर त्याच दोन ओळींपुढे बरोबरची खूण आली. यंत्राच्या इतक्या खोल भागात हात घालताना असे स्पष्ट उत्तर मिळणे मोठा दिलासा देते. सही करताना फाइल यादीत जतन करण्याचा पर्याय दिला, तर पुढे कर्नल अद्ययावत झाल्यावर नव्या फाइलीवर आपोआप सही होते. इतक्या महिन्यांत सही राहून गेल्यामुळे यंत्र सुरू झाले नाही, असे एकदाही घडलेले नाही.

मला सर्वांत आवडली ती या साधनाची सावधगिरी. काही यंत्रांमध्ये ग्राफिक्स कार्डासारख्या भागांवरील फर्मवेअरवर मायक्रोसॉफ्टच्या किल्लीने सही केलेली असते. ती किल्ली काढून टाकून फक्त आपली ठेवली, तर तो भाग सुरूच होत नाही आणि पडदा कायमचा काळा राहू शकतो. एसबीसीटीएल टीपीएमसाठी फर्मवेअरने ठेवलेली बूटची नोंद वाचते आणि असा भाग आढळला, तर मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या सोबत घेतल्याशिवाय पुढे जात नाही. तरीही जायचेच असेल तर जो पर्याय टाइप करावा लागतो, त्याचे नावच ‘होय, यामुळे माझे यंत्र निकामी होऊ शकते’ अशा अर्थाचे आहे. इशारा नुसता वाचून पुढे सरकण्याऐवजी तो स्वतःच्या हाताने लिहावा लागावा, ही रचना मला अतिशय योग्य वाटते. मी मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या ठेवूनच पुढे गेलो आणि बहुतेकांनी तसेच करावे.

त्याच यंत्रावर विंडोज आणि त्याचे डिस्क एन्क्रिप्शन बिटलॉकर असेल, तर किल्ल्या बदलण्यापूर्वी बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे आणि त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून हाताशी ठेवावी. सिक्युअर बूटची स्थिती बदलली की बिटलॉकर ती मागू शकते.

आता स्वॅपकडे. अनेक मांडण्यांत एन्क्रिप्टेड स्वॅपसाठी प्रत्येक वेळी नवी यादृच्छिक किल्ली तयार होते. ती पद्धत हायबरनेशनसाठी निरुपयोगी आहे, कारण यंत्र परत सुरू होईपर्यंत जुनी किल्ली नाहीशी झालेली असते. फेडोरा तर स्वॅपसाठी मेमरीतच दाबून ठेवलेली जागा वापरते, आणि वीज गेल्यावर तीही जाते. मी लक्सच्या आत असलेल्या मुख्य विभागावरच स्वॅप फाइल ठेवली. १६ जीबी मेमरीसाठी २० जीबीची फाइल पुरून उरते, कारण कर्नल मूळ सेटिंगमध्ये प्रतीचा आकार मेमरीच्या सुमारे दोन पंचमांश राखण्याचा प्रयत्न करते आणि लिहिताना ती दाबतेही. फाइल असेल तर ती डिस्कवर नेमकी कुठून सुरू होते तो आकडा कर्नलला कळावा लागतो. ईएक्सटी४ या फाइलप्रणालीवर फाइलफ्रॅग या आदेशाच्या उत्तरातील पहिल्या ओळीत तो मिळतो. बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइलप्रणालीवर मात्र फाइलफ्रॅगचा आकडा चुकीच्या ठिकाणी नेतो आणि बीटीआरएफएसच्या स्वतःच्या साधनाकडूनच तो विचारावा लागतो. सिस्टिमडी या प्रणालीच्या सेवा चालवणाऱ्या साधनाच्या अलीकडच्या आवृत्त्या ही माहिती यूईएफआयच्या (फर्मवेअरच्या) एका चलात स्वतः लिहून ठेवतात आणि सुरुवातीची प्रतिमाही (बूटच्या आरंभी मेमरीत भरली जाणारी छोटी प्रणाली) सिस्टिमडीवर आधारलेली असेल, तर हे सगळे हाताने करण्याची गरज उरत नाही. नव्याने मांडणी करणाऱ्याने तोच मार्ग धरावा.

मी जुना मार्ग धरला होता आणि तिथेच अडखळलो. माझ्या यंत्रावर कर्नल, सुरुवातीची प्रतिमा आणि कर्नलला द्यायच्या सूचना या तिन्ही एकाच सही केलेल्या फाइलीत बांधलेल्या आहेत. सिक्युअर बूटसाठी ही पद्धत उत्तम, कारण मेन्यूतून ऐनवेळी घातलेल्या सूचना सिक्युअर बूट चालू असताना दुर्लक्षिल्या जातात आणि कोणी परका तिथे ढवळाढवळ करू शकत नाही. मात्र स्वॅप फाइल ८ जीबीवरून २० जीबी करताना मी नवा आकडा सूचनांच्या फाइलीत लिहिला आणि बांधलेली फाइल नव्याने तयार करायचे विसरलो. यंत्र नेहमीसारखे सुरू झाले, पण हायबरनेट करण्याचा आदेश दिला की जुळणारी स्वॅप जागा सापडत नाही असे उत्तर येत राहिले. एसबीसीटीएलला सगळ्या फाइली पडताळायला सांगितल्या, तर प्रत्येकीपुढे बरोबरची खूण. अर्थातच ती खरी होती: सही योग्यच होती, फक्त सही केलेला मजकूर शिळा होता. चालू कर्नलकडे असलेला आकडा आणि फाइलफ्रॅगने दिलेला आकडा शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा चूक कळली. बांधणी पुन्हा केली, सही आपोआप झाली आणि पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर प्रत वाचल्याची टक्केवारी दहा-दहाने चढत शंभरावर गेली, आणि अर्धवट लिहिलेले पत्र कर्सर होता तिथेच समोर उभे राहिले. तो क्षण फार समाधानाचा होता.

पासफ्रेजऐवजी टीपीएमने डिस्क उघडावी असे वाटत असेल, तर तो टप्पा सर्वांत शेवटी घ्यावा. टीपीएमची नोंद साधारणपणे सिक्युअर बूटच्या स्थितीशी बांधलेली असते, म्हणून किल्ल्या नंतर बदलल्या तर टीपीएम डिस्कची किल्ली देत नाही. टीपीएमसोबत पिन मागण्याची सोय अवश्य वापरावी. ती नसेल तर हायबरनेशनमधून उठलेला लॅपटॉप चोरापुढे थेट स्क्रीनच्या कुलपापर्यंत उघडतो आणि डिस्कची किल्ली पुन्हा मेमरीत येऊन बसते.

या सगळ्या खटाटोपातून लॉकडाउनने दिलेले संरक्षण आपण सोडतो, हे मान्य केलेच पाहिजे. माझा हिशेब असा आहे. एसबीसीटीएलच्या खासगी किल्ल्या त्याच यंत्रावर, एन्क्रिप्टेड डिस्कच्या आत असतात. ज्याला रूट अधिकार मिळाला, तो त्या किल्ल्यांनी हव्या त्या कर्नलवर सही करू शकतो. त्याला हायबरनेशनची पळवाट शोधण्याची गरजच नाही. म्हणजे रूटपासून कर्नल वाचवण्याचे काम ही मांडणी तशीही करत नाही. बंद लॅपटॉप हाती लागलेल्या माणसाने बूटच्या फाइली बदलून पासफ्रेज चोरू नये, यासाठी ती आहे आणि ते काम ती बऱ्याच अंशी करते. एक बारीक फट उरते: लक्सची नेहमीची एक्सटीएस पद्धत मजकूर लपवते, पण त्यात कोणी बदल केला का, हे ओळखत नाही. तरी किल्लीशिवाय बदल करणाऱ्याला हवा तो मजकूर घालता येत नाही, सोळा बाइटचे तुकडे विस्कटता येतात इतकेच. माझ्या वापरासाठी हा धोका मला स्वीकारार्ह वाटतो. जिथे एका यंत्रावर अनेकांना रूट अधिकार आहेत, किंवा यंत्र संस्थेच्या धोरणाखाली चालते, तिथे मात्र डिस्ट्रोचे लॉकडाउन लावलेले कर्नलच ठेवावे आणि काम संपल्यावर यंत्र सरळ बंद करावे.

उणिवाही आहेत. सगळे साधन आदेशांवर चालते. सेटअप मोडचा पर्याय प्रत्येक फर्मवेअरमध्ये वेगळ्या नावाखाली दडलेला असतो आणि तो शोधण्यात साधन काही मदत करू शकत नाही. काही लॅपटॉपमध्ये तो मिळतच नाही, म्हणून लॅपटॉप घेण्यापूर्वीच त्याची खात्री करून घ्यावी. एनव्हिडियाचे कार्ड असल्यास व्हिडिओ मेमरी जपण्याचे ड्रायव्हरचे सेटिंग चालू आहे का, हे वेगळे तपासावे लागते. कर्नल अद्ययावत केल्यावर आधी यंत्र पुन्हा सुरू करावे आणि मगच हायबरनेट करावे, कारण आर्च चालू कर्नलचे जुने मॉड्यूल काढून टाकते.

एसबीसीटीएलच्या विकासकांकडे एकच मागणे आहे. पडताळणीच्या वेळी सही केलेल्या फाइलीच्या आतल्या सूचना आणि डिस्कवरची सूचनांची फाइल यांची तुलना करून, दोन्हींत फरक असल्यास एक ओळ छापावी. त्या एका ओळीने माझा एक अख्खा दिवस वाचला असता.