इंजिनाच्या पोटाखालचा फोटो

निवृत्तीनंतर मॉडेल रेल्वेकडे पुन्हा वळणाऱ्या माझ्यासारख्या माणसांसाठी हे लिहितो आहे. माझी फसवणूक झाली, पैसे गेले आणि ते परत मिळण्याची आशा मी सोडली आहे. पण ती झाली कशी, हे मला सविस्तर सांगायचं आहे. त्या माणसाने मला घाई केली नाही, धमकावलं नाही. त्याने मला शिकवलं, आणि म्हणूनच मला तो ओळखता आला नाही.

विशीत हा छंद सुटला तेव्हा माझं ज्ञान एवढंच होतं: एचओ आणि ओओ ही मॉडेलांची मापं, एचओ म्हणजे खऱ्या गाडीच्या १:८७, ओओ म्हणजे १:७६, दोन्हींच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर, रुळांतून १२ व्होल्ट डीसी, आणि कंट्रोलरचा खटका फिरवला की गाडी पळते. माळ्यावरची पेटी मी ४० वर्षांनी खाली काढली. पितळी रूळ काळे पडले होते. दोन इंजिनांपैकी एक बंदच राहिलं, दुसरं कार्बन ब्रश बदलून, धुऱ्यांना तेलाचा एकेक थेंब दिल्यावर थरथरलं आणि निघालं. त्या रात्री मी कितीतरी वेळ नुसती गोल फिरणारी गाडी बघत बसलो होतो. तो आनंद खरा होता आणि आजही आहे. या छंदापासून कुणी लांब राहावं असं मला मुळीच म्हणायचं नाही.

अडचण ही झाली की मधल्या काळात हे जग पार बदललं होतं. आमच्या वेळी रुळांतलं व्होल्टेज कमी-जास्त करून वेग बदलायचा, त्यामुळे एका मार्गावर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही एकदमच धावायची. आता डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल, आलं आहे. रुळांत कायम पूर्ण वीज असते, त्या विजेतूनच संदेश जातो आणि इंजिनातला डीकोडर फक्त स्वतःच्या पत्त्याचा संदेश ऐकतो. त्याची मानकं १९९०च्या दशकातच ठरली, पण मला हे सगळं नवीन होतं. मी शंका विचारत गेलो आणि एका गृहस्थांनी त्या न कंटाळता सोडवल्या. वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान. मला काका म्हणायचे.

त्यांनी सांगितलेलं सगळं बरोबर होतं. मी एक इंजिन घ्यायला निघालो होतो, त्याच्या वर्णनात ‘डीसीसी रेडी’ असं होतं. ते म्हणाले, “काका, याचा अर्थ आत डीकोडर आहे असा नाही. डीकोडर बसवायला फक्त सॉकेट आहे. डीकोडरचे पैसे वेगळे धरा.” मोठी चूक वाचली. पुढे त्यांच्याकडूनच मी चार जुन्या वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, घेतल्या. प्रत्येक वाघीण वेगळ्या कागदात गुंडाळून आली, एकीचं कपलिंग (डबे जोडायचा आकडा) सैल आहे हे त्यांनी आधीच कळवलं होतं, आणि ते तसंच निघालं. त्यानंतर या माणसावर शंका घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही.

मग एका संध्याकाळी बोलता बोलता मी त्यांना लहानपणी काचेच्या कपाटात पाहिलेल्या एका इंजिनाबद्दल सांगितलं. रंग, क्रमांक, चाकांची रचना, वडिलांकडे ते मागायचा धीर कधी झाला नाही, हे सगळं. त्यांनी विचारलं नव्हतं, मी आपणहून सांगितलं. या सगळ्या प्रकारातली ही गोष्ट मला आजही सर्वांत जास्त बोचते.

तीन आठवड्यांनी त्यांचा निरोप आला. त्यांच्या एका परिचितांचे वडील वारले होते, मागे मोठा संग्रह होता आणि त्यात नेमकं तेच इंजिन, मूळ खोक्यासकट. “दोघेजण मागे लागलेत काका, पण ते तुमच्याकडे जावं असं मला वाटतं.” सोबत सात फोटो आणि अकरा सेकंदांचा एक व्हिडिओ. मी तो वीसेक वेळा तरी पाहिला असेल. माझ्या बायकोला या छंदातलं काही कळत नाही. तिने फोटो पाहिले आणि विचारलं, “अहो, खालच्या बाजूचा एकही फोटो नाही का?” मी म्हणालो, “अगं, ओळखीचा माणूस आहे.”

विक्री ज्या संकेतस्थळावरून व्हायची ते मध्ये दलाली कापून घेतं, म्हणून पैसे थेट बँक खात्यात पाठवा, असं ते म्हणाले. मी पाठवले. ती दलाली कशाची असते हे मला नंतर समजलं. वस्तू वर्णनाप्रमाणे आली नाही तर पैसे अडवून धरणारा मधला माणूस तेवढाच, आणि मी त्यालाच बाजूला केलं होतं.

खोकं आलं. पुठ्ठा जुना दिसत होता, पण कापलेल्या कडा पांढऱ्या स्वच्छ होत्या. जुन्या खोक्यांच्या नकला उघडपणे विकत मिळतात आणि त्यात गैर काही नाही, मात्र नक्कल मूळ म्हणून विकली तर ती फसवणूक आहे. इंजिन दोन्ही हातांनी उचललं आणि पोटाखालचा करड्या धातूचा एक तुकडा निखळून टेबलावर पडला. उलटं करून पाहिलं तर सगळ्या चासीवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या सांगाड्यावर, बारीक भेगांचं जाळं होतं, मधोमध ती फुगून वाकली होती, आणि मागची चाकं जागेवरच घट्ट रुतली होती.

याला जस्ताचा रोग म्हणतात. जुनी ओतीव मॉडेलं जस्ताच्या मिश्रधातूची असतात. त्यात शिशासारख्या धातूची अगदी थोडी भेसळ राहिली तरी धातूच्या कणांच्या सीमांमधून गंज आत शिरतो, मग तो भाग फुगतो, तडकतो आणि शेवटी बोटांत चुरतो. ओलावा आणि उष्णता असली की हे लवकर होतं. अतिशुद्ध जस्तापासून केलेला झमॅक हा मिश्रधातू १९२९मध्ये अमेरिकेत आला तो याच कारणासाठी, तरीही दुसऱ्या महायुद्धाआधीच्या असंख्य मॉडेलांना हा रोग आहे आणि नंतरच्याही काहींत तो सापडतो. एका मॉडेलवरून तो दुसऱ्याला लागत नाही, तेवढी भीती नको. पण त्याला औषधही नाही. चिकटवून फार तर थोडे दिवस ढकलता येतात. ज्या कंपनीने ते इंजिन बनवलं तिचा इथे काही दोष नाही. रोग लागलेली चासी चांगली म्हणून विकली गेली, दोष त्या विकण्यात आहे.

कवचही त्या चासीचं नव्हतं. स्क्रूच्या खाचा खरवडलेल्या होत्या, छताच्या आतल्या बाजूला ताज्या रंगाचे ओघळ होते, आणि तिरप्या उजेडात धरल्यावर क्रमांकाखाली पुसलेला दुसरा क्रमांक दिसत होता.

मी कळवलं. उत्तर लगेच आलं: “अरेरे काका, वाहतुकीत झालं असणार.” तसं असतं तर तुटलेली जागा चमकदार दिसली असती. या भेगा आतपर्यंत काळवंडलेल्या होत्या, म्हणजे वर्षांनुवर्षांच्या. पण त्यांनी पुढे लिहिलं की माझ्याकडे दुसरी चासी आहे, थोडी रक्कम पाठवा, मी ती देतो. आणि मी तीही रक्कम पाठवली. त्यानंतर फोन बंद, संकेतस्थळावरचं खातं गायब.

नऊ दिवस मी कुणाला बोललो नाही. थोडी लाज होती आणि थोडी वेडी आशा. त्या नऊ दिवसांनी माझं इंजिनापेक्षा जास्त नुकसान केलं. पहिल्या काही तासांत बँकेला कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम कधी कधी गोठवता येते. मी गेलो तेव्हा खातं रिकामं झालं होतं. पोलिसांत तक्रार दिली आहे, पोच माझ्याकडे आहे.

नंतर एका जाणकाराच्या मदतीने ते सात फोटो इंटरनेटवर शोधले. ते एका जुन्या लिलावाच्या यादीतले निघाले. फोटोतल्या इंजिनाच्या दुसऱ्या खिडकीवर रंग उडाल्याची खूण होती, माझ्याकडे आलेल्यावर नव्हती. व्हिडिओ मी परत लावला आणि पहिल्यांदाच इंजिनाऐवजी रूळ पाहिले. दोन रुळांच्या मधोमध स्लीपरांवर बारीक टिकल्यांची रांग होती. ती मार्कलिन या जर्मन कंपनीची पद्धत. तिथे वीज मधल्या टिकल्यांतून इंजिनाखालच्या पट्टीला मिळते आणि दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांना जोडलेली असली तरी चालतात. मला विकलेलं इंजिन दोन रुळांच्या पद्धतीचं, म्हणजे दोन्ही रुळांतूनच वीज घेणारं, म्हणून विकलं होतं. माझ्या मार्गावर व्हिडिओतलं इंजिन ठेवताक्षणी शॉर्टसर्किट झालं असतं. पुरावा त्या अकरा सेकंदांत होता.

आता जुनी वस्तू घेताना मी खालच्या बाजूचा फोटो मागतो, शेजारी त्या दिवसाची तारीख हाताने लिहिलेला कागद ठेवून. चालू इंजिन असेल तर कुठेही न तोडलेला व्हिडिओ: तोच कागद, मग इंजिन रुळावर ठेवताना, हळू पुढे आणि हळू मागे. झपकन पुढे पळणारं इंजिन अनेक दोष लपवतं, संथ चालणारं लपवू शकत नाही. हातात आल्यावर एका धुऱ्याच्या दोन चाकांना मल्टिमीटर लावतो. दोन रुळांच्या पद्धतीत त्यांच्यात वीज वाहता कामा नये. चासीच्या कडेवर पट्टी ठेवून ती सरळ आहे का तेही बघतो. प्रामाणिक विक्रेते हे सगळं आनंदाने दाखवतात. गेल्या महिन्यात एकाने फोटो काढायला इंजिन उलटं केलं, भेग त्याला स्वतःलाच तेव्हा दिसली, आणि त्याने विक्री मागे घेतली.

आणि मला नेमकं काय हवं आहे, हे मी आता विकणाऱ्याला सांगत नाही. कपाटातलं ते इंजिन मी अजून शोधतो आहे, पण त्याबद्दल फक्त बायकोशी बोलतो. खरेदीआधी फोटो तीच तपासते.

त्या चार वाघिणी माझ्याकडेच आहेत. सैल कपलिंग मी दुरुस्त केलं. गाडीला त्या जोडाव्यात की नाही हे बरेच दिवस ठरत नव्हतं. सध्या त्या शेवटून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या जागी आहेत आणि वळणावरून एकदाही घसरलेल्या नाहीत.