एमआयटी की जीपीएल?
नागपुरात कळमना बाजारातील संत्र्यांची आवक आणि भाव नोंदवणारी एखादी संगणक प्रणाली लिहून कोणी तिचा सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) खुला करणार असेल, तर एमआयटी आणि जीपीएल यांपैकी कोणता परवाना, म्हणजे इतरांनी तो कोड वापरण्याच्या अटी, घ्यावा, हे आधी ठरवावे लागते. एमआयटी जेमतेम पानभराचा आहे. स्वामित्वहक्काची सूचना आणि परवान्याचा मजकूर कायम ठेवला, की कोणीही ती प्रणाली बदलून, कोड झाकून विकूही शकतो. जीपीएलची २००७ मधील तिसरी आवृत्ती बरीच लांबलचक असली, तरी तिचा कणा एवढाच, की सुधारलेली प्रणाली दुसऱ्याच्या हाती देणाऱ्याने तिचा कोडही त्याच परवान्याखाली दिला पाहिजे. मात्र एखाद्या अडत्याने ती स्वतःच्या सर्व्हरवर चालवून लोकांना केवळ संकेतस्थळावरून वापरू दिली, तर हे बंधन लागू होत नाही; ही पळवाट (आणि ती अनेकांच्या ध्यानात उशिरा येते) बुजवण्यासाठी एजीपीएल हा जीपीएलचाच, पण संकेतस्थळावरून दिलेल्या वापरालाही हे बंधन लावणारा परवाना आहे. छोट्या लायब्ररीसाठी (इतर प्रणालींत वापरायच्या तयार कोडच्या संचासाठी) मी एमआयटीच निवडेन, शेतकऱ्यांच्या संपूर्ण प्रणालीसाठी एजीपीएल. एमआयटीखालील कोड पुढे जीपीएल प्रकल्पात घेता येतो. उलट वाटेने जायचे, म्हणजे जीपीएलचा कोड एमआयटीखाली आणायचा, तर स्वामित्वहक्क असलेल्या प्रत्येक योगदानकर्त्याची संमती लागते.