हंपीत एकट्याने फिरताना सॅक रिक्षात ठेवू नका

हंपीला एकटीने जायला घाबरण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगते. पण माझे तेहतीसशे रुपये ज्या पद्धतीने गेले, ती पद्धत इतकी घोटलेली आहे की दिवसभर आपल्याला लुटतंय कुणी असं वाटतही नाही. म्हणून सविस्तर लिहितेय.

होसपेट स्टेशनपासून हंपी साधारण १३ किलोमीटर. स्टेशनबाहेर मोडकंतोडकं मराठी बोलणारा रिक्षावाला भेटला. "ताई, पूर्ण हंपी बाराशे. संध्याकाळी परत स्टेशनवर सोडतो. एका दिवसासाठी लॉज कशाला? सामान राहू दे रिक्षात." भाव वाजवी वाटला, सॅक मागे गेली. "गाडी कितीची आहे?" हेही त्याने काळजीच्या सुरात विचारून घेतलं. या दोन गोष्टी हातात आल्या की बाकीचं सगळं बिनघोर चालतं.

वाटेत त्याचा 'भाऊ' चढला, गाइड म्हणून. गळ्यातलं कार्ड कायम उलटं. त्याच्याकडे छापील यादी होती: कडलेकाळू गणेश, कृष्ण मंदिर, उग्र नरसिंह, हजारराम, महानवमी दिब्बा, राणीचं स्नानगृह. "सगळ्यांची एंट्री एकदम भरा, रांगा टळतात," म्हणत सहाशे घेतले. या यादीतल्या एकाही ठिकाणी तिकीट लागत नाही! तिकीट आहे ते विठ्ठल मंदिराला आणि कमल महाल, गजशाळा असलेल्या जनाना आवाराला. तेही एकच, भारतीयांना ४० रुपये, आणि त्याच दिवशी दोन्हीकडे आणि कमलापूरच्या संग्रहालयात चालतं. ते तिकीट त्याने माझ्या हातात अशा थाटात ठेवलं की सहाशेचा हिशेब विचारायचं सुचूच नये.

तो खरा गाइड नाही, हे नरसिंहापाशी कळायला लागलं. १५२८ साली कृष्णदेवरायाने करवलेली ती ६.७ मीटर उंचीची मूर्ती बघून मी थबकले, तर हा म्हणतो, "अकबरने तोडा." विजयनगर, ज्याची हंपी ही राजधानी, पडलं १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर, दख्खनच्या सुलतानांच्या हातून. अकबराचा इथे संबंधच नाही. पर्यटन खात्याचं ओळखपत्र असलेले गाइड हंपीत आहेत, आणि ते पैसे आधी सांगतात.

मराठी माणसाला कुठे धरायचं, हेही या जोडगोळीला पक्कं ठाऊक होतं. पंढरपूरचा विठोबा एके काळी इथे आणला होता आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत नेला, ही परंपरा आपण लहानपणापासून ऐकतो. गाइडने तीच गोष्ट गहिवरून सांगितली आणि विठ्ठल मंदिरात माझ्या नावाने अभिषेक म्हणून ५०१ रुपयांची पावती फाडली, शिक्क्यासकट. दुपारी मंदिरात पोचले तर गाभारा रिकामा! मूर्तीच नाही, पूजा होत नाही, मग अभिषेक कशाला? "तो मागाहून, विरुपाक्ष मंदिरात होतो," म्हणाला. संतापापेक्षा हसूच आलं मला, खोटं सांगू नये.

पुढे त्याच मंदिरातले सुरांचे खांब, म्हणजे ठोकले की सूर देणारे दगडी खांब. ते वाजवायला मनाई आहे, पण "गार्ड ओळखीचा आहे" म्हणून दोनशे घेतले, एका कडेच्या खांबावर बोटं आपटली, शिट्टी वाजली, आणि हा गर्दीत नाहीसा. बोलणी मी खाल्ली. गार्डचं काही चुकलं नाही, त्याचं ते कामच.

खरा वार संध्याकाळी. विठ्ठल मंदिराजवळ गाड्या जाऊ देत नाहीत, वाहनतळापासून सुमारे किलोमीटरभर बॅटरीच्या गाडीने किंवा चालत जायचं. परत आले तर रिक्षावाला म्हणाला, "बाराशेत विठ्ठल नव्हता. वेटिंग धरून दोन हजार जास्त." गाडीला वेळ थोडा, सॅक त्याच्या सीटमागे, त्यावर त्याचा हात. बरोबर कुणी असतं तर एकाने वाद घातला असता, दुसऱ्याने सॅक उचलली असती. एकट्या माणसाला हे दोन्ही एकदम जमत नाही, आणि सकाळच्या ठरावाला साक्षीदारही नसतो. दिले पैसे.

तेव्हा काही तासांसाठी का होईना लॉज घ्या आणि सामान तिथे टाका. परतीची वेळ विचारलीच तर दोन तास आधीची सांगा. ठिकाणांची नावं आणि रक्कम रिक्षावाल्याच्या तोंडून मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या, विठ्ठल मंदिराचं नाव त्यात आहे ना ते ऐका. खरं तर विरुपाक्षासमोरच्या बाजारातून नदीकाठाने चालतही विठ्ठल मंदिर गाठता येतं, जेमतेम दोन किलोमीटर, आणि ती वाट रिक्षाच्या रस्त्यापेक्षा कितीतरी देखणी आहे. अडवणूक झालीच तर ११२ लावा.

घरी आल्यावर मी लेखी तक्रार केली आहे. यूपीआयच्या पावतीवर नाव मात्र आलंय एका तिसऱ्याच माणसाचं.